हनुवटी छातीला का लागत नाही?

हे वाचता वाचता एक गोष्ट करून पाहा. सतरंजीवर उताणे पडा, डोक्याखालची उशी काढून टाका आणि मान वाकवून हनुवटी छातीला लावा. लागली ना? यात काय विशेष, असे तुम्ही म्हणाल. पण तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात नेले की डॉक्टर त्याच्या डोक्याखाली हात घालून हळूच मान उचलतात, ते याचसाठी. एरवी मान सहज वाकते. मात्र एका रोगात ती लाकडासारखी ताठते. मान उचलू गेले तर मूल कळवळते आणि मानेबरोबर सारी पाठच वर येते. हे दिसले की अनुभवी डॉक्टर क्षणभरही वाया घालवीत नाहीत, कारण या रोगात उपचाराचा हिशेब दिवसांनी नव्हे, तासांनी करतात.

मान ताठण्याचे कारण मानेत नाही, त्याहून खोल आहे. आपला मेंदू घट्ट लागलेल्या दह्यासारखा मऊ असतो. कवटीच्या पेटीत तो नुसता ठेवला असता तर धावताना, उडी मारताना हाडावर आपटून त्याचा चुरा झाला असता. म्हणून त्याला तीन आवरणांत गुंडाळलेले असते. बाहेरचे आवरण जाड आणि चिवट असते, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि आतले मेंदूच्या प्रत्येक घडीला चिकटलेले, अतिशय पातळ. हीच आवरणे खाली पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूभोवतीही असतात. मधल्या आणि आतल्या आवरणांमध्ये स्वच्छ पाण्यासारखा द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे कपभर चहाइतका असतो. पण शरीर रोज अर्धा लिटर नवा द्रव तयार करते आणि तितकाच जुना रक्तात परत जातो. विहिरीतून बादली ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते, हे तुम्ही अनुभवले असेल. मेंदूचेही तसेच आहे. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू या द्रवात तरंगत असताना त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो.

या आवरणांना रोगजंतूंची बाधा होऊन ती सुजली की त्याला मस्तिष्कावरणदाह म्हणतात. बोलण्यात आपण ‘मेंदूज्वर’ म्हणतो, पण हा शब्द फसवा आहे, कारण मेंदूच्या पेशींनाच विषाणूंची बाधा होते त्या रोगालाही लोक तेच नाव देतात. मान वाकवली की मज्जारज्जूची आवरणे ताणली जातात. ती सुजलेली असतील तर हा ताण सहन होत नाही आणि मानेचे स्नायू आपोआप आखडून ती हालचाल रोखून धरतात. ताठ मान म्हणजे शरीराने घातलेला बांधच म्हणा ना!

जोडीला जोराचा ताप, कधी नव्हे इतके डोके दुखणे, उलट्या, उजेड सहन न होणे आणि गुंगी ही लक्षणे असतात. सगळी एकदम दिसतीलच असे नाही. तान्ह्या बाळाची मान तर बहुधा ताठतच नाही. ते अंगावर पीत नाही, किरकिरते किंवा अगदीच निपचित पडते आणि त्याची टाळू फुगलेली लागते. एका प्रकारात अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठतात. काचेचा पेला त्यावर दाबला तरी ते पुसट होत नाहीत, कारण ते साधे पुरळ नसून कातडीखाली झिरपलेले रक्त असते. सावळ्या कातडीवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहायची. असे काही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही.

विषाणूंमुळे होणारा आवरणदाह पुष्कळदा आपोआप बरा होतो. क्षयाच्या जंतूंमुळे होणारा हळूहळू, आठवड्या-आठवड्यांनी वाढतो. जन्मल्यापासून महिन्याभराच्या बाळांतले जंतू आणखी वेगळे. पण अचानक झडप घालणारे जंतू मुख्यतः तीन. पहिला मेनिंगोकॉकस, म्हणजे कॉफीच्या दोन बिया समोरासमोर ठेवल्यासारखी जोडी. हा १८८७ साली व्हिएन्नाच्या आन्टोन वाइक्सेलबाउम यांनी रोग्याच्या द्रवात शोधून काढला. दुसरा न्यूमोकॉकस, टोकदार दाण्यांची जोडी. फुप्फुसदाह करण्यासाठी तो बदनाम आहे. १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांना तो एकमेकांना ठाऊक नसताना सापडला.

तिसऱ्याचे नाव मोठे गमतीचे आहे. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी! १८९२ च्या सुमारास युरोपात इन्फ्लुएन्झाची साथ चालू असताना रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञांना रोग्यांच्या कफात हा बारीक जंतू दिसला आणि इन्फ्लुएन्झाचे कारण हेच, असे त्यांनी जाहीर केले. पुढे चाळीस वर्षांनी, १९३३ साली, माणसातल्या इन्फ्लुएन्झाचा खरा गुन्हेगार एक विषाणू असल्याचे सिद्ध झाले. पण जंतूला चिकटलेले नाव काही निघाले नाही. १९३१ साली मार्गारेट पिटमन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले की या जंतूचे काही वाण अंगावर कवच घेऊन फिरतात. त्या कवचांचे त्यांनी ए पासून एफ पर्यंत सहा प्रकार केले. लहान मुलांच्या मेंदूपर्यंत पोहोचणारा बहुतेक वेळा त्यातला ‘बी’ असतो. त्यालाच आखूड नाव पडले, हिब.

आता एक चमत्कारिक गोष्ट ऐका. हे तिन्ही जंतू राहतात कुठे? गटारात नव्हे, घाणीत नव्हे, तर निरोगी माणसांच्या नाकामागे आणि घशात! शंभर माणसे तपासली तर साधारण दहांच्या घशात मेनिंगोकॉकस सापडू शकतो. त्यांना ना ताप असतो, ना खोकला. शिंकेतून, खोकल्यातून, एकमेकांच्या उष्ट्यातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, काही आठवडे मुक्काम करतो आणि निघून जातो. क्वचित एखाद्याच्याच घशाचे अस्तर ओलांडून तो रक्तात शिरतो. त्याच माणसात का आणि शेजारच्यात का नाही, याचे पुरे उत्तर शास्त्रज्ञांना अजून मिळालेले नाही.

रक्तातून मेंदूकडे जाण्याच्या वाटेवर कडक पहारा असतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की सहसा कोणी पलीकडे जाऊ शकत नाही. मेनिंगोकॉकसच्या अंगावर केसांसारखे धागे असतात. त्यांनी तो केशवाहिनीच्या भिंतीला चिकटतो आणि पेशींमधले सांधे सैल करून पलीकडे उतरतो. तिथे पोहोचला की त्याला रान मोकळे, कारण पहारा बाहेर आहे, आत शिपाईच नाहीत! रक्तात जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिद्रव्ये त्या स्वच्छ द्रवात जवळजवळ नसतातच. समजा एक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतो. दहा तासांत किती होतील, हे वहीत मांडून पाहा. उत्तर दहा लाखांच्या वर येईल. मग शरीर जागे होते आणि पांढऱ्या पेशींची फौज आत धाडते. पण या लढाईत सूज वाढते, कवटीची पेटी तर फुगू शकत नाही, आणि मेंदूवर दाब येतो. म्हणजे नुकसान जंतूंइतकेच आपल्या बचावानेही होते. त्यामुळे काही रोग्यांना जंतुनाशक औषधाबरोबर सूज आवरणारे औषधही देतात.

निदान पक्के करायचे तर तो द्रवच पाहावा लागतो. ‘पाठीतले पाणी काढायचे’ असे डॉक्टरांनी म्हटले की घरची माणसे घाबरतात. त्याने माणूस कायमचा लुळा पडतो, अशी समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यापायी मोलाचे तास वाया जातात. खरी गोष्ट अशी की मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटासारखे मज्जातंतूंचे झुपके द्रवात लोंबत असतात. सुई त्या खालच्या जागेत घालतात आणि तंतू तिच्यापुढून बाजूला सरकतात. १८९१ साली जर्मनीत हाइन्रिक क्विन्के यांनी ही रीत रूढ केली. द्रव पाण्यासारखा नितळ असायला हवा. तो तांदळाच्या धुवणासारखा गढूळ निघाला तर प्रयोगशाळेत पुढचे पाहायचीही गरज नाही, असे वाटू लागते. तरी पाहतातच. त्यातली साखर घटलेली आणि प्रथिने वाढलेली असतात. मग थेंब काचपट्टीवर पसरून डेन्मार्कच्या ग्राम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने रंगवतात. जांभळ्या जोड्या दिसल्या तर बहुधा न्यूमोकॉकस, गुलाबी जोड्या दिसल्या तर मेनिंगोकॉकस, आणि गुलाबी आखूड काड्या असतील तर हिब. काही कारणाने सुईला उशीर होणार असेल तर औषध मात्र थांबवत नाहीत. जवळच्या माणसांना, विशेषतः मेनिंगोकॉकस असेल तर, घशातले जंतू मारणारे औषध देतात.

औषधे नव्हती तेव्हा मेनिंगोकॉकसच्या दहा रोग्यांपैकी सात-आठ दगावत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत योखमान आणि न्यूयॉर्कमध्ये फ्लेक्सनर यांनी घोड्यांना हे जंतू टोचून त्यांच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, रोग्याच्या पाठीतून द्यायला सुरुवात केली, तेव्हा मृत्यू दहात तीनवर आले. नंतर सल्फा औषधे आली, पेनिसिलिन आले. आज चांगली औषधे असूनही या रोगाने जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सहांतला एक जातो. वाचलेल्या पाचांतल्या एकाला बहिरेपणा, झटके किंवा असेच काही जन्मभर पुरते. शाळेत एखादा मुलगा ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातो आणि पुढे कळते की तापानंतर त्याला ऐकूच येत नव्हते!

म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष औषधावरून लशीकडे वळले, आणि तिथे आडवे आले ते पिटमनबाईंनी पाहिलेले कवच. तिन्ही जंतूंच्या अंगावर साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी गुंडाळलेली असते. तिच्यामुळे ते इतके बुळबुळीत होतात की पांढऱ्या पेशीला धरता येत नाहीत. कवच गेले की जंतू दुबळा. १९२८ साली लंडनमध्ये ग्रिफिथ यांनी उंदरांना कवच नसलेले जिवंत न्यूमोकॉकस आणि कवचवाले मेलेले न्यूमोकॉकस एकत्र टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या अंगात कवचवाले जिवंत जंतू सापडले! मेलेल्यांनी जिवंतांना कवच विणण्याची विद्या दिली ती कशातून? १९४४ साली एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी उत्तर दिले, डीएनए मधून. आनुवंशिकतेचे गुपित एका रोगजंतूच्या अंगरख्याने उलगडले. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कवचाची शुद्ध साखर टोचून लस करता येते, हे १९६९ च्या सुमारास अमेरिकन लष्करी संशोधकांनी दाखवले. मोठ्यांना ती लागू पडे. ज्यांना रोगाचा धोका सर्वांत अधिक त्या दोन वर्षांखालच्या बाळांवर मात्र तिचा काहीच परिणाम होईना. बाळाच्या शरीराला ही साखर ‘शत्रू’ म्हणून ओळखताच येत नाही. प्रथिने मात्र त्याला चांगली ओळखता येतात. मग युक्ती अशी केली की साखरेची साखळी एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडून टाकायची. प्रतिद्रव्य बनवणारी पेशी साखरेला धरून सगळी जोडगोळी गिळते आणि प्रथिनाचा तुकडा मदतनीस पेशीपुढे धरते. मदतनीस पेशी प्रथिन ओळखते आणि ‘कामाला लाग’ असा हुकूम सोडते. हुकूम प्रथिनामुळे मिळाला, पण प्रतिद्रव्ये तयार होतात ती साखरेविरुद्ध! शिवाय आठवणही राहते. या जोडलशीची कल्पना एव्हरींनीच १९२९ साली प्रयोगात आणली होती. हिबविरुद्धची अशी लस १९८७ साली अमेरिकेत मान्य झाली. तिथे दरवर्षी सुमारे वीस हजार लहान मुलांना हिबचे गंभीर आजार होत. काही वर्षांतच ते प्रमाण शंभरात एकाहूनही खाली गेले.

आता पुण्याला या. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला एक पट्टा आहे. कोरड्या, धुळीच्या वाऱ्यांचे महिने आले की तिथे मेनिंगोकॉकसच्या साथी उठत. १९९६-९७ सालच्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजारांवर मेले. त्यातला बराचसा भाग ‘ए’ गटाच्या जंतूचा. (आपल्या दिल्लीतही १९६६, १९८५ आणि २००५ साली साथी आल्या, त्या याच गटाच्या.) जोडलस करण्याची विद्या तर हाती होती. मग अडले कुठे? पैशात! आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की एक मात्रा अर्ध्या डॉलरहून महाग असेल तर आम्हाला ती परवडणार नाही. मोठमोठ्या कंपन्यांना त्या भावात रस नव्हता.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी मिळून एक प्रकल्प उभारला आणि काम अखेर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सुरू केलेल्या या संस्थेच्या नावातच सीरम आहे. घराण्याचा धंदा घोड्यांच्या पैदाशीचा, आणि सुरुवातीला घोड्यांच्या रक्तापासूनच धनुर्वातावरचे सीरम तिथे काढत. धनुर्वाताच्या विषाचे निर्धोक केलेले रूप तिथे पुष्कळ तयार होत होते, आणि नव्या लशीत साखरेला जोडायला नेमके तेच प्रथिन वापरायचे होते. जोडणीची रासायनिक पद्धत अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या ली आणि फ्रॅश यांनी शिकवली. चाचण्या आधी भारतात झाल्या, मग माली आणि गांबिया या देशांत. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो देशात लसीकरण सुरू झाले. मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत, तेव्हाच्या भावाने वीस-बावीस रुपयांहून कमी. नाव ठेवले मेनॅफ्रिव्हॅक.

लस खरेच चालते का, हे कसे ठरवायचे? चाड देशात २०११ च्या अखेरीस तीन भागांत १ ते २९ वर्षांच्या सुमारे अठरा लाख लोकांना ती दिली गेली. पुढच्या साथीच्या हंगामात लस न दिलेल्या भागांशी तुलना केली, तर लस दिलेल्या भागात रोग ९४ टक्क्यांनी कमी. पण मला त्याहून आवडतो तो घशाचा हिशेब. लशीपूर्वी ४२७८ लोकांचे घसे तपासले, त्यात ३२ जणांत ‘ए’ गटाचा जंतू निघाला. लशीनंतर ५००१ लोकांचे तपासले, तर फक्त एकात! म्हणजे लस टोचून घेणारा तर वाचतोच, शिवाय त्याच्या घशात जंतूला जागा न उरल्याने लस न घेतलेला शेजारीही वाचतो. त्या पट्ट्यात २०१७ नंतर ‘ए’ गटाचा एकही रोगी नक्की झालेला नाही.

जंतू मात्र स्वस्थ बसत नाहीत. ‘ए’ गेला तर सी, डब्ल्यू आणि एक्स या गटांच्या साथी पुढे आल्या. तेव्हा पाच गटांवर एकत्र चालणारी लस पुण्यातच तयार झाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांआधी वापरली. ‘बी’ गटाने तर वेगळाच पेच टाकला. त्याच्या कवचाची साखर आपल्याच मज्जापेशींवरच्या साखरेसारखी असते, म्हणून तिची लस करता येत नाही. तिथे जंतूचा सगळा डीएनए वाचून, त्यातून कवचाबाहेर डोकावणारी प्रथिने निवडून लस करावी लागली. ती युरोपात २०१३ साली मान्य झाली.

हे सारे वाचून बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातला, उमापूरचा एखादा वाचक विचारील की आमच्याकडे यातले काय पोहोचते? मेनिंगोकॉकसची लस आपल्या देशातल्या सरसकट लसीकरणात नाही. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना मात्र ती घ्यावी लागते. हिबची लस पंचगुणी लशीत असते आणि बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी देतात. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी मिळते. जन्मल्यावर टोचलेली बीसीजी बाळांना क्षयाच्या आवरणदाहापासून सांभाळते. सारे सरकारी केंद्रांत फुकट.

अडचणी दोन. पहिली ऊन. या लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, आणि मे महिन्यात बीडकडे पारा चाळिसाच्या वर जातो. वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या नर्सबाईंच्या खांद्यावरचा तो डबा तुम्ही पाहिला असेल. त्यात चारी बाजूंनी बर्फाच्या वड्या आणि मध्ये लशीच्या कुप्या असतात. मेनॅफ्रिव्हॅकबाबत मात्र तपासणीत आढळले की ती ४० अंशांपर्यंत चार दिवस टिकते. २०१२ साली तशी परवानगी मिळाली आणि बेनिन देशात ती शेवटच्या टप्प्यात बर्फाशिवाय खेड्यांत नेली गेली. सगळ्याच लशींना हे जमले तर काय बहार होईल!

दुसरी अडचण कोयत्याची. दसरा-दिवाळी झाली की या भागातली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. समजा बाळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला जन्मले. सहा आठवडे भरतात नोव्हेंबरच्या मध्यावर, चौदा आठवडे जानेवारीत. म्हणजे तिन्ही मात्रांच्या वेळी बाळ असते उसाच्या फडाशेजारच्या कोपीत. कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रातही त्याच मात्रा फुकट मिळतात, पण कोणती दिली आणि कोणती राहिली हे तिथल्या बाईंना कळायचे तर लसीकरणाचे कार्ड बरोबर लागते. तुमच्या घरून किंवा शेजारून कोणी निघणार असेल तर भांड्याकुंड्यांच्या बोचक्यात ते टाकले आहे का, हे पाहता येईल. नेलेच नसेल तर कार्डाचा फोटो मोबाइलवर पाठवला तरी चालतो.